साडभाऊंनी विझवलेला होम

माझे साडभाऊ ज्या घरात पाऊल ठेवतात त्या घरात त्या दिवशी कोणाच्या पोटात गरम घास जात नाही, हे मी स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायला तयार आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सारी नोकरी त्यांनी भिलाईच्या प्लांटमध्ये फायर ब्रिगेडला काढली. निवृत्तीच्या दिवशी हार घालून ते एकटेच घरी आले असं सगळ्यांना वाटलं, पण ब्रिगेड त्यांच्या मागोमाग आत आली होती. आमच्याकडे आले की बसायच्या आधी ते स्वयंपाकघरात जातात, नाक वर करतात, "मले वास येऊन राहिला" म्हणतात आणि रेग्युलेटर काढून खिशात घालतात. एकदा कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात होती. माझी बायको म्हणाली, "भाऊजी, भात तरी होऊ द्या." त्यावर ते म्हणाले, "भात उद्या बी होइन, बाई. घर उद्या होइन का?" आणि रेग्युलेटर खिशात ठेवूनच आपल्या घरी गेले. आम्ही चिवडा खाऊन झोपलो.

दिवाळीत त्यांच्या घरच्या पणत्या पाण्याच्या परातीत उभ्या असतात. उदबत्ती त्यांच्या दृष्टीने नुसता धूर आहे आणि धुराचं पुढे काय होतं ते त्यांना माहीत आहे. दुर्गला सिनेमाला गेलो तर तिकीट काढण्याआधी ते मागच्या दाराचं कुलूप उघडून दाखवायला सांगतात, आणि डोअरकीपरने किल्ली आणेपर्यंत अर्धा सिनेमा होऊन जातो. शेजारच्यांच्या नातवाच्या वाढदिवसाला मेणबत्त्या लागल्या, सगळ्यांनी टाळ्यांसाठी हात उचलले, तेवढ्यात साडभाऊंनी बोटं थुंकीने ओली करून एकेक मेणबत्ती चिमटीत विझवली. पोरगं भोकाड पसरून रडायला लागलं. त्याची आई रागाने बघत होती. साडभाऊ म्हणाले, "रडू द्या. रडाले जिता हाये न."

हे सगळं लांबून पाहिलं तर हसू येतं. मी लांब नव्हतो. मी कुम्हारीला धर्मकाट्यावर काम करतो. भरलेले ट्रक तोलायचे आणि काट्यावर आला तोच आकडा लिहायचा, ड्रायव्हर कितीही बोंबलला तरी. त्यामुळे वाढवून सांगणाऱ्या माणसाचा मला संताप येतो, आणि साडभाऊ आग नेहमी वाढवूनच सांगतात. माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नात त्यांनी जे केलं ते मात्र संतापाच्याही पलीकडचं होतं. दुर्गचं कार्यालय, नागपूरकडची वरमंडळी, लाजाहोम चाललेला. भटजींनी तुपाची पळी जरा सढळ सोडली आणि ज्वाळा वर उठली. साडभाऊ खांबाआड उभे होते. त्यांच्या हातात गाडीतून आणलेलं लाल नळकांडं होतं, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. फस्स असा आवाज झाला आणि पुढच्या क्षणी होम, हवन, नवरा, नवरी आणि भटजी सगळे पांढरे. भुकटी खाली बसली तेव्हा माझी मुलगी पापण्या मिटून, ओंजळीत लाह्या धरून तशीच उभी होती. व्याह्यांनी विचारलं, "हे कोण?" मी म्हणालो, "मला माहीत नाही."

होम दुसऱ्यांदा पेटवला, लग्न लागलं. पाहुणे जेवत होते तेव्हा मी टेप आणून ज्वाळा पोचली होती तिथपासून मांडवाच्या झालरीपर्यंतचं अंतर मोजलं. पाच फूट भरलं. साडभाऊंना नेऊन दाखवलं. ते म्हणाले, "आता पाच हाये. तवा वीतभर होतं." मी म्हणालो, "झालर चालत वर गेली का?" ते म्हणाले, "झालर नाही जी, आग चालत येते." त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. ते येत, मी मागच्या दाराने बाहेर पडे. त्यांना त्याचं काही वाटत नसावं, कारण मागचं दार उघडं असणं त्यांना नेहमीच पसंत होतं.

मग दोन वर्षांनी धाकटीचं लग्न ठरलं. बायकोने सांगितलं की भाऊजींना बोलावलं नाही तर तिची बहीण येणार नाही, आणि बहीण आली नाही तर तीही मांडवात बसणार नाही. मी सांगितलं की होमाला हात लावणार नाही असं वचन त्यांनी दिलं तरच पत्रिका जाईल. दोघी बहिणींनी मिळून तोडगा काढला. कवर्ध्याच्या पलीकडे डोंगरात इंग्रजांच्या काळचा एक दगडी मनोरा आहे. उन्हाळ्यात जंगलात वणवा लागला की वरून दिसावा म्हणून बांधलेला. अजूनही तिथे पहारा असतो आणि परवानगी काढली तर रात्री राहता येतं. तिथे एक रात्र राहायचं हे साडभाऊंचं जुनं वेड. ब्रिगेडमधल्या दिवसांबद्दल ते एकच तक्रार करत: "आमी जिंदगीभर आग लागल्यावर पोचलो. एक डाव आधी पाहाची हाये." दोघी म्हणाल्या, तुम्ही दोघं जा, रात्रभर बोला, आणि काय ते ठरवून या.

मोहाची फुलं गळायच्या दिवसांत आम्ही गेलो. साडभाऊंनी सोबत नऊ किलोचं नळकांडं घेतलं होतं आणि चढावर ते माझ्याकडे दिलं, कारण त्यांच्या हातात दुर्बीण होती. वर पोचलो तेव्हा माझ्या तोंडाला फेस आला होता. पहारेकरी म्हातारा होता, पण काटक. खाली दगडांच्या चुलीवर त्याने आमच्यासाठी चहा ठेवला होता. साडभाऊंनी पाहिलं आणि चहाचं भांडं चुलीतच पालथं केलं. वर माझ्या खिशातली काडेपेटी मागून घेतली आणि माझ्याच तांब्यातल्या पाण्यात बुडवली. "फायर टॉवरवर काडेपेटी, भाऊ? लोक हासतीन." इथे हसायला लोक होते कुठे? मी, तो म्हातारा आणि माकडं.

मनोऱ्याच्या वरच्या खोलीला चारी बाजूंनी खिडक्या होत्या आणि एका कोपऱ्यात रुळाचा तुकडा टांगलेला होता. कुठेही लाल दिसलं की हा वाजवायचा, खालच्या गावात ऐकू जातो, लोक धावतात, असं म्हाताऱ्याने समजावलं. मग चाचरत म्हणाला की मोहाचा हंगाम लागल्यापासून तो घरी झोपलेला नाही. लोक फुलं नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, ठिणगी उडते, म्हणून रोज जागावं लागतं. साडभाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम घर जाओ. मैं फायरवाला हूँ." म्हातारा दोनदा मागे वळून बघत उतरला.

गार पोळी आणि लोणचं खाताना मी विषय काढला. चहा नाही, पाठ दुखतेय, डोकं तापलेलं, त्यामुळे गोड बोलणं मला जमणार नव्हतंच. मी म्हणालो, "साडभाऊ, सरळ सांगतो. धाकटीच्या होमाजवळ तुम्ही येणार नाही, असा शब्द द्या. नाही तर पत्रिका येणार नाही."

ते पोळी चावत म्हणाले, "तुमाले वाटते मले हौस हाये?"

"मला काय वाटतं ते सोडा. शब्द द्या."

"नाही देत."

"कावून नाही?" रागाच्या भरात मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"आग दिसली अन् मी बसून राहिलो, असं माह्याच्यानं होनार नाही. मले लग्नाले नका बोलावू. चालते."

मी हात झटकून उठलो आणि खिडकीशी गेलो. विषय संपला होता. बायकोला काय सांगायचं याची वाक्यं मी मनात जुळवत होतो. अंधार पडला होता आणि लांब, डोंगराच्या कडेला, आकाश खालून लाल झालं होतं. हळूहळू फुगत होतं, मग ओसरत होतं. ते बघून माझा राग का कोण जाणे थोडा उतरला. साडभाऊही येऊन शेजारी उभे राहिले. दुर्बीण त्यांच्या गळ्यात होती, ती त्यांनी डोळ्याला लावलीसुद्धा नाही.

"स्लॅग टाकून राहिले," ते म्हणाले.

"आज लवकर टाकला," मी म्हणालो.

भिलाईत ज्याने आयुष्य काढलं त्याला हे समजेल. भट्टीतला वितळलेला मळ डम्पवर ओततात तेव्हा रात्री अर्धं आकाश लाल होतं. पाहुणे घाबरून उठतात आणि आम्ही कूस बदलतो. त्या लालीचा अर्थ एवढाच, की प्लांट चालू आहे, पाळीवर गेलेला माणूस सकाळी घरी येणार आहे. जगातल्या यच्चयावत आगींवर संशय घेणारे साडभाऊ या एका आगीपुढे निवांत असत. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात दोघी बहिणी आम्हाला गच्चीवर नेऊन ती लाली कशी दाखवत, याच्या गप्पा आम्ही त्या खिडकीत उभे राहून मारल्या. "तुमची बायको म्हने, सूर्य चुकून उगवला." मी हसलो. दोन वर्षांत पहिल्यांदा आम्ही एकमेकांशी धड बोललो, आणि त्याच सुखात झोपलो.

प्लांट आमच्या पाठीमागच्या दिशेला होता, मध्ये कित्येक डोंगर टाकून, शंभरावर किलोमीटर लांब. हे आकडे मला पाठ होते. येताना मीच मोजले होते.

उजाडता उजाडता रुळाच्या घणघणाटाने जाग आली. म्हातारा आमच्या उशाशी उभा राहून तो बडवत होता. तोंड काजळीने काळं, धोतराचा काठ जळलेला. खोलीत धूर भरला होता. "ये क्यों टंगा है?" तो ओरडत होता. "ये किसके लिए टंगा है, साहब? फायरवाला बोले थे न? सारा गाँव रात भर आग पीट रहा है नीचे। आपको लाल नहीं दिखा?"

साडभाऊ अंथरुणावर बसले. त्यांनी त्या खिडकीकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, स्लॅगचं सांगायला, पण डोंगरातल्या माणसाला ते सांगायचं कसं? साडभाऊच बोलले.

"दिखा था."

एवढंच.  म्हाताऱ्याने अशी शिवी दिली की ती इथे लिहिता येणार नाही, आणि मला, ज्याने या माणसाला दोन वर्षं मनातल्या मनात त्याहून वाईट शिव्या दिल्या होत्या, त्या म्हाताऱ्याचा असा काही राग आला की मी अंगावर धावून गेलो. "तमीज से बात करो, बडे हैं हमारे," मी म्हणालो. साडभाऊंनी मला मागे ओढलं आणि नळकांडं उचलून ते जिना उतरायला लागले.

ते नळकांडं एका ओंडक्यावर संपलं. मग आम्हीही गावकऱ्यांसारख्या पाल्याच्या फांद्या तोडल्या आणि जमीन बडवत राहिलो. ऊन चढल्यावर आग नाल्यापाशी अडली. माणूस कोणी दगावलं नाही. पण उतारावर म्हाताऱ्याच्या घरची मोहाची झाडं होती, ती खालून काळी झाली होती आणि वर्षभराची आशा असलेली फुलं खाली भाजून पडली होती. सगळीकडे गोड, करपलेला वास. साडभाऊ त्या झाडांखाली वाकून फुलं उचलत होते, हातात चोळून टाकत होते, पुन्हा उचलत होते. एकही चांगलं निघालं नाही. "आधी पाहिली न जी," परत येताना गाडीत ते म्हणाले. 

त्यानंतर ते आमच्याकडे आले तेव्हा सरळ खुर्चीवर बसले. आत शेगडी भगभगत होती. बायकोने मुद्दाम भांड्यांचा आवाज केला, तरी उठले नाहीत. बायकोने आणून दिलेला गरम चहा प्यायले. बायको पदर डोळ्यांना लावून आत गेली. मग कप खाली ठेवून ते म्हणाले, "भाऊ, शब्द देतो. होमाच्या जवळपास नाही येनार. मले समजत नाही आता, कोनती आग कोनती व्हय."

दोन वर्षं मला हेच ऐकायचं होतं. ऐकल्यावर मात्र असा संताप आला की कपबशी टेबलावर आपटली. "नको मला तुमचा शब्द," मी म्हणालो. "काल रात्री रेग्युलेटर चालूच राहिला होता आमचा. कोणाच्या लक्षात आलं नाही. तुमचं काय काम आहे मग?" ते नुसते हसले आणि उठून गेले. रेग्युलेटर त्यांनी पाहिलाच नाही.

धाकटीच्या लग्नात मांडववाल्याशी भांडून मी झालर आणखी दोन फूट वर बांधून घेतली. होमकुंडापासून हाताच्या अंतरावर एक खुर्ची ठेवली, खुर्चीशेजारी वाळूची बादली, आणि साडभाऊंना दंड धरून तिथे आणून बसवलं. थोरलीच्या नागपूरकडच्या व्याह्यांनी पुन्हा विचारलं, हे कोण. "माझे साडभाऊ," मी सांगितलं, "ब्रिगेडचे." साडभाऊ दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. लाजाहोम सुरू झाला, भटजींनी तूप सोडलं, ज्वाळा उठली. साडभाऊ ज्वाळेकडे न बघता माझ्याकडे बघायला लागले.

"एवढी चालते न, भाऊ?"

आकडा माझ्या ओठांवर होता. तो गिळून मी म्हणालो, "तुम्ही सांगा."

 धाकटीने लाह्या टाकल्या, ज्वाळा पुन्हा वर गेली. थोड्या वेळाने पाहिलं, तर बसल्याबसल्या पायाने त्यांनी बादली हळूच स्वतःकडे ओढून घेतली होती.