रिमोटताईची वही

तिला आमच्या गल्लीत सगळे रिमोटताई म्हणतात. टीव्हीच्या मागे लावायचा तो छोटा डबा, ज्यावर लोक सिनेमे आणि मालिका बघतात, तो मंदावला की तिला बोलावणं जातं. ती माझ्या वर्गात होती तेव्हा खोडरबर वापरत नसे. चुकलेल्या शब्दावर एकच सरळ रेघ मारायची. वही गिचमिड दिसते, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाली, "पण बाई, काय चुकलं होतं ते वाचता येतं ना." मी गुण कापले नाहीत.

या धंद्यात तिच्या हातून एकदाच मोठी चूक झाली. पडद्यावर दोन बटणं एकाखाली एक असतात. एकानं फक्त तात्पुरता साठा जातो, म्हणजे डब्यानं सोयीसाठी जमवलेला पसारा. दुसऱ्यानं त्या अ‍ॅपमधलं सगळंच पुसलं जातं. बेकरीवाल्याच्या घरी तिनं दुसरं दाबलं. त्याच्या बायकोनं दोन वर्षं वेचून ठेवलेली गाण्यांची यादी गेली. चहा गार होईस्तोवर कोणी घेतला नाही. घरी येऊन तिनं त्या डब्यात काय काय होतं ते आठवून एका नव्या वहीत लिहिलं आणि गाण्यांच्या यादीवर रेघ मारली. तेव्हापासून रिमोटताई कशालाही हात लावण्याआधी डब्यात काय काय आहे ते वहीत लिहून घेते आणि घरातल्यांना मोठ्यानं वाचून दाखवते. ज्याचं असेल त्यानं "जाऊ दे" किंवा "राहू दे" म्हणायचं.

गेल्या महिन्यात शिंपीदादांचा डबा बिघडला. मी शिवायला टाकलेले पडदे आणायला गेले होते. पुढे दुकान, मागे राहायची खोली. मधलं दार उघडंच असतं.

"बटण दाबावं, एक पँट आखून घ्यावी, मग चित्र हलतं," शिंपीदादा म्हणाले. "सगळं पुसून कोरं करून टाक. संध्याकाळी सामना आहे."

"कोरं करायला दोन मिनिटं लागतात, दादा. परत भरायला किती दिवस लागतील?" असं म्हणत तिनं पडद्यावर दिसणारी सगळी अ‍ॅप वहीत उतरवली, मग डबा टीव्हीच्या मागून काढला, हाताला गरम लागला म्हणून बाहेर मोकळ्यावर ठेवला आणि वही उघडली. "जागा जवळजवळ संपलीय. वाचते. व्यायामाचं अ‍ॅप?"

"माझं," वहिनी आतून म्हणाल्या. "राहू दे."

"दोनदा उघडलंयस ते," शिंपीदादा म्हणाले. "दुसऱ्यांदा चुकून."

"मग जाऊ दे. पण तुमचं ते मासेमारीचंही जाऊ दे."

"मासेमारीचं कशाला आणलं होतं?" रिमोटताईनं विचारलं. शिंपीदादांनी मोजपट्टी गळ्यातून काढून पुन्हा गळ्यात घातली. "जाऊ दे."

असं करत वहीतल्या पाच अ‍ॅपवर रेघ पडली. मग ती म्हणाली, "बुद्धिबळ?"

"ते कोणाचं? उडव," शिंपीदादा म्हणाले.

खिडकीशी बसलेल्या त्यांच्या आईंनी मान वळवली. "उडव काय उडव! डाव चाललाय माझा."

"कोणाशी?"

"तुझ्या मामाशी. दर गुरुवारी येतो तो काय तुझं दुकान बघायला?"

त्यांचे हात थरथरतात. पटावरच्या सोंगट्या पडायला लागल्या तसे भाऊ-बहीण टीव्हीवर खेळू लागले होते. सातवा आठवडा होता. लहानपणापासून या धाकट्या भावानं त्यांना एकदाही जिंकू दिलं नव्हतं, आणि आता त्याच्याकडे राजा, एक घोडा आणि तीन प्यादी उरली होती. अ‍ॅपमध्ये नाव-खातं काही उघडलेलं नसल्यामुळे तो डाव फक्त त्या डब्यात होता. कोरं केलं असतं तर गेलाच होता.

"आई, नवा मांडा की," वहिनी म्हणाल्या.

"नवा मांडला की तो जिंकतो."

रिमोटताईनं बुद्धिबळापुढे 'राहू दे' लिहिलं. डबा गार झाला तसा जोडला, बुद्धिबळ उघडलं आणि वहीत चौसष्ट घरं आखून प्रत्येक सोंगटी जागच्या जागी लिहून घेतली. सामन्याला तास उरला होता. शिंपीदादा तीनदा घड्याळाकडे बघून गेले. मग तिनं रेघ मारलेली पाच अ‍ॅप काढली आणि उरलेल्या एकेकाचा फक्त तात्पुरता साठा पुसला. दर वेळी बटणावरची अक्षरं ओठांत वाचत होती. सिनेमाच्या एका अ‍ॅपनंच निम्मी जागा खाल्ली होती. आपोआप सुरू होणाऱ्या जाहिरातींच्या झलका बंद केल्या, डबा बंद करून पुन्हा चालू केला. चित्र बोटाबरोबर हलायला लागलं.

"माझा वजीर?" आजींनी विचारलं.

"जागेवर आहे, आजी."

गुरुवारी आजी जिंकल्या. शुक्रवारी सकाळी मामांनी रिमोटताईला शिंपीदादांकडे बोलावून घेतलं. मला तिनंच सोबत नेलं. "बाई, चला. कोणीतरी मोठं माणूस हवं," म्हणाली.

मामा इस्त्रीच्या टेबलाशी उभे होते. "यंत्राला हात लावलास, आणि माझा घोडा सरकला. तो कडेला नव्हताच. मधे होता."

"मधे होता तर हरलास कसा?" आजी म्हणाल्या.

"तेच तर विचारतोय!"

रिमोटताईनं वही काढून त्यांच्यापुढे धरली. मामांनी चष्मा वर केला, खाली केला. बोट ठेवून एकेक घर वाचलं. घोडा कडेला होता. तारीख होती, वेळ होती. त्यांनी पानं मागे उलटत पहिल्या पानापर्यंत बघितलं. तिथे बेकरीवाल्यांच्या डब्याची यादी होती, त्यात एका ओळीवर सरळ रेघ.

"हं," ते म्हणाले. दुकानात शिलाई मशीन चालू झालं. "मग मीच हरलो म्हणायचं."

"साठ वर्षांनी," आजी म्हणाल्या. "बस आता. चहा घे."

रिमोटताईनं पेन उघडून आजींकडे पाहिलं. "आजी, हा डाव संपला. रेघ मारू?"

"राहू दे," मामाच म्हणाले. "ते पान फाडू नकोस."

तिनं पेन बंद केलं.