पाय काचेवर ठेवा, नमस्कार नंतर!

माणसाने एकदा चप्पल काढली ना, की तो खरं बोलायला लागतो. उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या एका बुटांच्या दुकानात मी पाय स्कॅन करायचे, तेव्हाचा हा माझा अनुभव! मोबाईलला अजून बटणं होती त्या काळातली गोष्ट. घरी मोरिवलीला गेले की रोज नवा किस्सा. आई म्हणायची, "वंदे, तू नोकरीला जातेस की नाटकाला?"

दुकानात आम्ही तिघं. सिंधी शेठ, मी आणि बदलापूरचे गायकवाड काका. काका तीस वर्षं हातानेच मापं घेत आले होते. लाकडी फळीवर कागद, चार कोपऱ्यांना चार लाल ड्रॉइंग पिना, त्यावर गिऱ्हाइकाचा पाय आणि भोवतीने पेन्सिल. शेठने लेझरची मशीन आणली तेव्हा काका एवढंच म्हणाले, "लाईट गेली की काय मेणबत्तीवर पाय मोजणार?"

*

मशीन आली नेमकी दसऱ्याला. शेठने हार घातला, काचेच्या कडेला कुंकवाचं स्वस्तिक काढलं. झालं! पहिलंच गिऱ्हाईक पालेगावचे एक आजोबा. "पूजेच्या वस्तूला पाय लावू? नाय जमायचं!"

मी त्यांना समजावलं. काचेवर उघडा पाय ठेवायचा. लेझरची लाल रेघ टाचेपासून बोटांपर्यंत सरकते. पायाला जिथे खळगा, जिथे उंचवटा, तिथे रेघ वाकते. कॅमेरे ते वाकणं टिपतात आणि दहा-बारा सेकंदांत स्क्रीनवर अख्खा पाय उभा! फक्त तेवढा वेळ हलायचं नाही.

आजोबांनी पाय ठेवला आणि लगेच वाकून मशीनला नमस्कार केला. स्क्रीनवर आठ बोटं! पुन्हा पाय, पुन्हा नमस्कार. तिसऱ्यांदा काकांनी त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले, तेव्हा कुठे स्कॅन झाला. सुटल्या सुटल्या आजोबांनी पोटभर नमस्कार केला आणि मला म्हणाले, "बघ, नमस्कार केला म्हणून नीट आला!"

*

वांगणीची एक नवी सून टाच दुखते म्हणून आली होती. सोबत नवरा आणि सासूबाई. चकाकणाऱ्या वस्तूवर लेझर भरकटतं. तिच्या जोडव्यांमुळे स्क्रीनवर बोटांना चक्क शिंगं फुटली! मी म्हटलं, "दोन मिनिटं जोडवी काढा."

सासूबाई कडाडल्या, "नवरा जिवंत असताना?"

नवरा बिचारा म्हणाला, "अगं, मी इथेच उभा आहे. काढ तू."

"तू मध्ये बोलू नकोस," सासूबाई म्हणाल्या, "तुझा काय संबंध?"

शेवटी काकांनी टाल्कम पावडर आणून जोडव्यांना थापली. चकाकी गेली, शिंगं गेली. मशीनला नावं ठेवणारे काका मशीनची नड अशी बरोबर ओळखायचे. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "सवय लागली, दुसरं काय."

*

पोलीस भरतीची तयारी करणारा एक पोरगा सपाट पाय घेऊन आला. तळव्याला कमानच नाही, आणि भरतीत सपाट पाय चालत नाही! तो स्क्रीनकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, कॉम्प्युटरमध्येच थोडी कमान काढून द्या ना. तिकडे प्रिंटआउट दाखवतो."

शेठ म्हणाले, "साईं, भागने को प्रिंटआउट जायेगा क्या?"

*

शुगरवाल्यांसाठी तर आमचं दुकान खास. शुगरने पाय बधिर होतात, जखम कळतच नाही. म्हणून स्कॅन करून, कुठे भार पडतो ते बघून बुटात घालायचं मऊ सोल कापायचं. एकदा एमआयडीसीतले एक ऑपरेटर आले. म्हणाले, "मला काही त्रास नाही हो. मिसेसने पाठवलंय. कधी दुखतसुद्धा नाही."

काकांनी रांग सोडून त्यांना आत घेतलं. "ज्याला दुखतं तो थांबेल. ज्याला दुखत नाही त्याला आधी घे, वंदे." काकांच्या थोरल्या भावाचा पाय असाच गेला होता. घोट्यापासून कापला.

आणि शुगर काकांनाही होती! चहाबरोबर गोळी घ्यायचे, बिनसाखरेचा म्हणून चहाला शिव्या द्यायचे. पण स्वतः काचेवर चढायचं नाव नाही. मी मागे लागले की आज गुडघा धरलाय, आज पाय धुतले नाहीत, आज अमावस्या आहे! मला खरंच भीती वाटायची. न दुखणाऱ्या पायाला भ्यायचं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

*

एका सकाळी काका तणतणत होते. "परवापासून माझी चौथी पिन गायब आहे! कोणी ढापली?" तिघांत चोर कोण, तर अर्थातच मी.

शेठने डाव साधला. "गायकवाड, तुम अपना पैर कागज पे निकालो. फिर मशीन पे. देखते हैं कौन गलत."

मशीन चुकलेली दाखवायची म्हटल्यावर काका कशाला थांबतात! तीन पिनांवर कागद लावला, फडफडणारा कोपरा मला धरायला लावला, त्यावर डावा पाय ठेवला. पेन्सिल सुरेख फिरली. मग काचेवर चढले. लाल रेघ टाचेखालून निघाली आणि स्क्रीनवर पाय उभा राहिला. टाचेच्या मधोमध एक छोटीशी गोल चकती.

काकांनी टाळीच वाजवली. "बघा शेठ! माझ्या टाचेला बटण कुठून आलं? माझ्या कागदावर आहे का? चुकली की नाही तुमची मशीन?"

शेठ हसले. मी नाही हसले. काकांना स्टुलावर बसवलं, पाय मांडीवर घेतला आणि उलटा केला.

"काका," मी म्हटलं, "पिन सापडली."

काका वाकून टाचेत रुतलेल्या पिनेच्या लाल टोपीकडे बघत राहिले. मग एकदम हलक्या आवाजात म्हणाले, "वंदे, दुखत नाहीये गं."