दोधूचं लाकूड

सारंगखेड्यात आमच्या गल्लीत गजराबाई राहतात. वय त्रेसष्ट. शाळेत वीस वर्षं खिचडी शिजवली. रोज पोरं किती, एवढंच मोजायच्या. कुणाच्या बापानं किती तांदूळ दिले, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

त्यांच्या शेजारच्या दोधूची किडनी गेली. डायलिसिस सरकारी योजनेत फुकट. पण आठवड्यातून दोनदा नंदुरबारला नेणारी गाडी फुकट नव्हती. पैशाअभावी गुरुवारची फेरी चुकली. सोमवारचीही चुकली तर कठीण, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरटी पन्नास रुपये मागत गजराबाई गल्लीभर फिरल्या. आम्ही सुशिक्षितांनी आधी समिती नेमावी, पावतीपुस्तक छापावं, असं सुचवलं. वाडेवाल्या हिंमतराव पाटलांनी तर तत्त्वच मांडलं, "मी कधी आजारी पडत नही. दोधू तमाखू खाये, त्यानं तो भोगी. मी कसाले देऊ?"

आमच्याकडे रीत अशी, की कुणी गेलं की चितेसाठी घरटी एक लाकूड द्यायचं. शनिवारी गजराबाई पुन्हा दारोदार गेल्या आणि एवढंच म्हणाल्या, "दोधूना नावनं लाकूड काढा."

"गया का बिचारा?" हिंमतरावांनी विचारलं.

"सोमवारे जावानं शे," गजराबाईंनी खरं तेच सांगितलं.

पण हिंमतराव केव्हाच वाड्यामागे जाऊन बाभळीचा सगळ्यात जाड ओंडका निवडू लागले होते. समिती, पावती, तमाखू, कुणाला काही आठवलं नाही. तासाभरात दोधूच्या दारात ढीग लागला.

खांद्यावर पंचा टाकून हिंमतराव आले, तर दोधू घरातून बाहेर येऊन ओट्यावर चहा पीत बसलेला.

"तू जित्ता शे?"

"आजून तरी, भाऊ. बसा, चहा ल्या."

हिंमतराव गजराबाईंवर उखडले, "ही फसवणूक शे!"

"लाकूड देतांना इचारं का, तो तमाखू खाये का म्हणीसन? मराले सगळा मदत करतस, जगाले मांगं तर हिशेब! आजार काय तुम्हले इचारीसन येवाव शे?"

तेवढ्यात गजराबाईंनी सांगून ठेवलेला वीटभट्टीवाल्या रेवजीचा ट्रॅक्टर आला आणि लाकूड रोखीनं घेऊन गेला. पाच आठवड्यांचं गाडीभाडं निघालं.

सोमवारी दोधू गेला आणि संध्याकाळी परतही आला.

पाच आठवडे संपल्यावर गजराबाई पुन्हा निघाल्या. दार उघडताच हिंमतरावांनी विचारलं, "जित्तासाठे का मेलासाठे?"

"जित्तासाठे."

त्यांनी पन्नासची नोट काढली. बाभळीचा ओंडका फार महाग पडतो, असं ते आता सगळ्या गल्लीला समजावून सांगतात.