चर्चमधला चारा

शनिवारी एम सिक्स मोटरवेवर गाडी घालायची नसते, हे मँचेस्टरमध्ये दहा वर्षं काढल्यावर मला कळायला हवं होतं. पण रेबवारला ड्रायव्हिंग येत नाही आणि मला नाही म्हणता येत नाही. रेबवार म्हणजे ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा कुर्द मित्र.

"अगं, लंडनला ट्रेनने जा ना सरळ. मोटरवेवर फुल ट्रॅफिक असणार," नवरा दारातून म्हणाला.

"लास्ट मिनिटला तिकिटं केवढ्याला पडतात, बघितलंस?" म्हणत मी निघाले.

काम नाजूक होतं. रेबवारचं गाव इराकच्या डोंगरातलं, जेमतेम चाळीस घरांचं. एकेकाळी तिथे निम्मी वस्ती असिरियन ख्रिश्चनांची होती. लढाईच्या भीतीने ती माणसं निघून गेली आणि मागे त्यांचं छोटंसं दगडी चर्च राहिलं. रेबवारच्या वडिलांनी त्यात वर्षानुवर्षं शेळ्यांचा चारा भरला. आता म्हातारपणी त्यांना याची लाज वाटत होती. चर्च रिकामं करून, झाडूनपुसून कुलूप लावायचं त्यांनी ठरवलं होतं. पण आधी त्या लोकांपैकी कुणाची तरी माफी मागून ये, असं मुलाला बजावलं होतं. शोधता शोधता पश्चिम लंडनमध्ये शमिरानआजी सापडल्या.

"त्यांनी हाकलून दिलं तर?" रेबवारने वाटेत तीनदा विचारलं. मीही आतून घाबरलेच होते. मोटरवेवरच्या थांब्यावर, सर्व्हिसेसवर, चार पौंडांची कडू कॉफी घेतली. तुम्ही घरून थर्मास न्या. पाच तासांनी पोचलो.

आजींनी खजूर भरलेली बिस्किटं पुढे केली आणि रेबवारशी चक्क कुर्दीत सुरू झाल्या. अक्रोडाची झाडं, झऱ्याचं पाणी, कुणाचं लग्न कुणाशी झालं! तो मधूनमधून मला इंग्रजीत सांगत होता. न पाहिलेल्या गावासाठी मला भरून आलं.

मग मान खाली घालून त्याने चाऱ्याचं सांगितलं. आजींनी बशी खाली ठेवून विचारलं,

"छप्पर आहे?"

"आहे."

"आणि आमचं घर?"

"पडलं. रिकामी होती ती सगळीच पडली."

तिकडची छपरं आपल्या सोलापूरकडच्या माळवदासारखी, मातीची. पावसानंतर वर चढून दगडी रूळ फिरवायचा, माती दाबायची. नाहीतर छप्पर गळतं आणि बसतं. चारा भिजू नये म्हणून रेबवारचे वडील दर पावसानंतर चर्चवर चढत आले होते.

आजी एकदम हसल्या, आणि हसता हसता रडल्या. "मग कुलूप कशाला लावतोय तुझा बाप? चारा काढला तर वर कोण चढणार? त्याला सांग, यंदाही भर."

येताना रेबवार गाडीत मोठमोठ्याने गात होता. बेसूर, पण मी गाऊ दिलं.

घरी आल्यापासून मात्र मलाच चैन नव्हतं. आई गेल्यापासून साताऱ्याचा आमचा फ्लॅट आम्ही कुलूप घालून ठेवलाय. तिचं भांडंसुद्धा हलवलेलं नाही, आणि याचा मला केवढा अभिमान! सोमवारी भावाला फोन लावला.

"दादा, फ्लॅट कुणाला तरी राहायला दे. लहान मुलं असलेलं कुटुंब बघ."

त्याने विचारलं, "आणि आईची भांडी?"

"वापरू देत त्यांना."