सॅलमँडरच्या खोलीतला बखूर

"आत बखूर नको म्हणजे नको!" मी तिसऱ्यांदा सांगत होते. रियाधमधल्या ओलाया भागात एक खासगी प्राणिसंग्रहालय आहे, तिथली मी व्हेट, मूळची नाशिकची. समोर आमचे मॅनेजर अबू फहाद. मालकांचे पाहुणे थोड्या वेळात नवे सॅलमँडर बघायला येणार होते.

सॅलमँडर दिसतो पालीसारखा, पण तो बेडकाचा भाऊबंद. आमची जात बोटाएवढी. थंड डोंगरी जंगलात, कुजक्या ओंडक्याखाली, ओल्या पाचोळ्यात लपून राहणारी. तिला फुफ्फुसंच नसतात. श्वास सगळा ओल्या कातडीतून. कातडी सुकली किंवा तिच्यावर धूर बसला, की संपलं. बाहेर रियाधचा उन्हाळा, आणि मी चिलर लावून, शेवाळ रुजवून काचेच्या टाकीत ते जंगल सांभाळत होते. मेल्यांनी फार जीव लावला होता मला.

"डॉक्टर, पाहुणा आला आणि बखूर नाही, सुगंधी लाकडाचा धूर नाही? ऐब! लाज जाईल आमची."

"मग बाहेर, दारात पेटवा. टाकीत हवा याच खोलीतून जाते."

"खलास, ठरलं. दारात."

शब्द पाळला त्यांनी, खोटं कशाला बोलू? बखूर दारातच पेटवला. पण इथे धुपाटणं हातोहात फिरतं. जो तो धूर कपड्यांवर, दाढीवर घेतो. सगळ्यात वयस्कर पाहुणे ते हातात घेऊनच बोलत बोलत आत आले. थेट टाकीपाशी.

मी पुढे झाले. अबू फहाद आडवे आले. "डॉक्टर, प्लीज! पाहुण्याच्या हातातून काढून कसं घ्यायचं?"

मी मागच्या बाजूला धावले आणि टाकीत हवा ओढणारा फॅन बंद केला. परत आले तर सॅलमँडर एकेक करून शेवाळाखालून वर येत होते. दिवसा हे कधी तोंड दाखवत नाहीत. गुदमरत होते बिचारे.

"माशाअल्लाह!" पाहुणे खूश झाले. "आमच्या स्वागताला बाहेर आले!"

ते गेल्यावर मी एकेकाला थंड, स्वच्छ पाण्यात धरून बसले. काही उपयोग झाला नाही. एकही वाचला नाही. मला रडू आवरेना.

अबू फहाद शेजारी उभे होते, डोळे लाल. "मी दारातच पेटवला होता, डॉक्टर."

"हो. दारातच."

आता नव्या टाकीचं ड्रॉइंग आलं की हवेचा पाइप इमारतीच्या बाहेरून घ्यायला लावते. खर्च वाढतो म्हणून इंजिनिअर कुरकुरतात. कुरकुरू देत. पाहुण्याला नियम सांगणारा माणूस मला अजून कुठे भेटलेला नाही.