उतार सुरू व्हायच्या आधी

नामदेव गेला, हा फोन आला तेव्हा मी लाखोळीची डाळ निवडत होते. फोन ठेवला आणि पुन्हा खडे वेचायला लागले... महिना झाला त्याला. माझा हा धाकटा भाऊ, उभा जन्म ट्रकवर काढलेला, शेवटी वडशाच्या दवाखान्यात खाटेवर अडकून गेला.

त्याच्या ट्रकात मी एकदाच बसले. चंद्रपूरहून सिमेंट भरून तो आलापल्लीला निघाला होता, मला वाटेत घरी सोडणार होता. मूलच्या पुढं कोरड्या, सरळ रस्त्यावर त्यानं एक बटन दाबलं आणि पेडलवरून पाय काढला.

"पाय कुठी ठेवला रे तू?"

"क्रूझ लावला, बाई. वेग तो धरते, रस्ता मी पाह्यतो."

पावसाची भुरभुर सुरू झाली तसा त्यानं तो क्रूझ बंद केला. ओल्या रस्त्यावर चाक घसरलं तरी हा वेगच धरून बसते, म्हणाला. जंगलातला उतार यायच्या आधीच त्यानं ट्रक हळू केला, खालचा गिअर टाकला आणि इंजिनाच्याच जोरावर चाकं रोखणारा इंजिन ब्रेक, रस्ता ओला म्हणून, बेतानंच लावला. ट्रक असा गुरगुरायला लागला की माझी कवळी वाजली.

"याच्यापेक्षा बैलबंडी बरी," मी म्हटलं. "तुझे भाऊजी गिअर काढून, न्यूट्रल करून सुसाट उतरत. डिझेलबी वाचे."

"अन् ब्रेक तापून गेला तर मंग धरनार कोन?"

मी गाल फुगवून बसले. नवी नवरी असताना याच उतारावरून नवऱ्याच्या बांबूच्या ट्रकात मी आले होते. इंजिन गप्प, वारा तोंडावर, आणि मी गजरा सावरत जणू विमानात. खाली ट्रकाला धरणारं काहीच नाही, हे त्या महाराणीला कोण सांगणार...

उताराच्या तळाशी एक बस बंद पडलेली. माणसं रस्त्यावर उभी, पलीकडे माझं घर दिसत होतं. नामदेवनं ब्रेकवर उजवा पाय टेकवला, ट्रक अलगद थांबला. मी पट्टा सोडायला लागले तर तो आरशात पाहत होता.

"पट्टा राहू दे, बाई."

मागून एक भरलेला ट्रक येत होता. आवाज नाही, चाकांतून नुसता धूर. पुढं माणसं, बाजूला नाली, मागं तो. नामदेव हॉर्न दाबून धरत होता, माणसांना हातानं हाकलत होता... शेवटी त्या ड्रायव्हरनं ट्रक मुरमाच्या दरडीत घातला. नामदेव धावत गेला, त्याला बाहेर काढलं.

"न्यूट्रल होता?"

त्या पोरानं मान डोलावली. नामदेव रागावला नाही, त्याला पाणी पाजत राहिला. मला मात्र त्या दिवशी कोणी काही विचारू नये असं झालं.

आता संध्याकाळी ओसरीवर बसले की वरून येणारे ट्रक ऐकू येतात. गुरगुरत आला की वाटतं, आला आपला कोणी शहाणा. पण एखादा गुपचूप उतरतो. तेव्हा उठून आत जाता येत नाही, हाक मारून उपयोग नसतो. तो समोरून निघून जाईपर्यंत मी तिथंच बसून राहते, उजवा पाय जमिनीवर दाबून.