रिकाम्या पोटाची गोळी

आयुष्यातलं पहिलं व्याख्यान मी उसाच्या मोळीवर उभं राहून दिलं. श्रोत्यांनी ते मध्येच बंद पाडलं, तरी ते झकास झालं होतं असं माझं आजही ठाम मत आहे.

दुष्काळाची वर्षं होती. शिरूर कासारकडचं आमचं गाव दिवाळी आटोपली की साखर कारखान्याच्या वाटेला लागायचं. आमच्या टोळीच्या मुकादमाची एक रीत होती. पहाटे उसाच्या फडात उतरण्याआधी कोरा चहा आणि प्रत्येकाच्या तळहातावर अंगदुखीची एक गोळी. भाकरी पहिला ट्रक भरल्यावर. आईनं पाच हंगाम ती गोळी गिळली. सहाव्या हंगामात तिला काळी उलटी झाली. तालुक्याच्या डॉक्टरनं सांगितलं, पोटात जखम आहे, पुन्हा ही गोळी खाल्लीस तर जिवावर बेतेल. औषधं दिली, जेवूनच कामाला जा म्हणाला. आई पोटासाठी आवळकाठी, म्हणजे वाळवलेला आवळा, चघळायची; त्याला मात्र त्याची हरकत नव्हती.

बरी होऊन आई फडात परतली, तर मुकादमानं हात पुढे केला. हातात गोळी.

"गोळी न्हाई तर फड न्हाई, आक्का. पाठ धरली की तू बसणार, अन् माझा ट्रक उभा."

मी तेव्हा कॉलेजात विज्ञान शिकत होतो आणि सुट्टीपुरता टोळीत होतो. चढलो मोळीवर.

"मंडळी, कोयत्याला गंज चढतो ना? तसाच ह्या गोळीनं पोटाच्या अस्तराला चढतो! आवळ्यातली, डाळिंबाच्या सालीतली तुरट द्रव्यं तो गंज आपल्या अंगावर घेतात..."

"कीर्तन लावलंय का बे?" मुकादम म्हणाला.

"उंदरांवर करून बघितलंय!" मी गरजलो.

"मंग उंदरालाच दे की मुकादमकी," चुलता मागून म्हणाला. टोळी खिदळली.

"उतर खाली," आई म्हणाली. "कावून वरडतो? मोळी सुटंल."

मग ती बांधावर बसली आणि फडकं सोडून भाकरी खाऊ लागली. शेजारी चुलती बसली. बघता बघता सगळे कोयते जमिनीवर आणि सगळी माणसं भाकरीवर. ट्रकवाला हॉर्न बडवत होता.

"उठा!" मुकादम थयथयला. "कारखाना वाट बघंल का तुमची?"

"बघू दे की," चुलती म्हणाली. "आमी वर्सभर त्याची बघतो."

आईनं सावकाश शेवटचा घास संपवला, आवळकाठीचा तुकडा गालात धरला आणि उठून मुकादमासमोर उभी राहिली. "भाऊ, तुमचीबी पाठ दुखत आसंल. खावा एक, उपाशीपोटी."

त्यानं गोळी खिशात घातली. दुसऱ्या पहाटे चुली चहाआधी भाकरीसाठी पेटल्या. ट्रक उभा राहिला आणि आम्ही जेवलो.